कृश प्रमेही : गर्भापासून मांडायचा हिशेब



प्रमेहाचा रुग्ण म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक मूर्ती उभी राहते. स्थूल देह, सुटलेले पोट, बैठे काम, दिवसाची झोप आणि गोडाधोडाची आवड. महाविद्यालयात निदानस्थान शिकताना ही मूर्ती मनावर ठसली आणि व्यवसायात पडल्यावर शहरातील रुग्णांनी ती अधिकच पक्की केली. परंतु गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या गावी, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यामध्ये वसलेल्या वस्तीत वैद्यकव्यवसाय करणाऱ्यास ही मूर्ती कशी दगा देते, याचा अनुभव मला स्वतःच्या चुकीतून आला. ती चूक प्रथम सांगतो. मत नंतर मांडतो.

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या आतील एक शेतमजूर माझ्याकडे आला. वजन ४३ किलो. पायांची आग, थकवा, रात्री झोप नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारा, पावसाळ्यात रोवणीला जाणारा, दोन्ही वेळा भात किंवा पेज खाणारा हा मनुष्य. मी वातव्याधी व धातुक्षय असे निदान केले आणि अश्वगंधा, योगराज गुग्गुळ, तैलाभ्यंग अशी चिकित्सा दिली. तीन महिने गेले. आग कमी होईना, वजन मात्र ४० वर आले. पायाला लागलेली जखम महिनाभर भरली नाही, तेव्हा कुठे मला रक्तातील साखर पाहण्याचे सुचले. ती ३८६ निघाली. निदान सांगितल्यावर तो म्हणाला, "शुगर त मोठ्या लोकायची बिमारी जी, आमाले कशी झाली?"

त्याचा प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, ही लज्जेची गोष्ट होती. कारण ते आपल्याच ग्रंथांत अर्धे लिहिलेले आहे आणि उरलेले अर्धे आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या खेड्यांत, गेल्या तीस वर्षांत शोधले गेले आहे.

ग्रंथांनी केलेला भेद

चरकाचार्यांनी प्रमेही दोन प्रकारचे सांगितले आहेत : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण, अशी चिकित्साही वेगवेगळी सांगितली. सुश्रुताचार्यांनी सहज आणि अपथ्यनिमित्तज असा भेद केला. सहज प्रमेह माता-पित्यांच्या बीजदोषातून येतो व त्याचा रुग्ण बहुधा कृश, रूक्ष, अल्पाशी आणि तृषार्त असतो; अपथ्यनिमित्तज प्रमेहाचा रुग्ण बहुधा स्थूल, बहुभोजी व शय्याप्रिय असतो. बीजदोषातून आलेल्या प्रमेहास चरकांनी असाध्य म्हटले आहे.

हे सर्व आपण पाठ केले आणि परीक्षेत लिहिले. प्रत्यक्ष चिकित्सालयात मात्र आपण एकाच प्रमेहाची चिकित्सा करतो, ती म्हणजे स्थूलाची. मधुमेह कळला की कारले, कडुनिंब, मेथी, तिक्त-कषाय चूर्णे, लंघन, "भात बंद करा", "दूध बंद करा", "रात्रीचे जेवण सोडा". ८५ किलोच्या व्यापाऱ्याला ही आज्ञा हितकर असेल. ४० किलोच्या मजुराला तीच आज्ञा देणे म्हणजे शास्त्राने स्पष्टपणे बृंहणार्ह म्हटलेल्या रुग्णाचे अपतर्पण करणे होय. हा अपराध मी केला आहे, आणि माझ्यासारखे अनेक असतील असे नम्रपणे वाटते.

पुण्याच्या सहा खेड्यांतील शोध

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. शरीरातील एका अवयवात निर्माण होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवाला आज्ञा देणाऱ्या द्रव्यांना १९०५ मध्ये इंग्लंडच्या स्टार्लिंग यांनी 'हार्मोन' हे नाव दिले. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन हे त्यांतील बहुधा सर्वांत परिचित संप्रेरक. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णास देण्यात आले. त्यानंतर दीर्घकाळ समज असा राहिला की मधुमेह एकतर इन्सुलिनच्या अभावाने बालवयात होतो, किंवा मेदवृद्धीमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होऊन प्रौढवयात होतो. आमचा कृश मजूर या दोन्ही चौकटींत बसत नव्हता.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रश्न मुळापासून विचारात घेतला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद घेण्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभ केला. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. येथपर्यंत आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. पुण्याच्या बालकांचे स्नायू व उदरातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील मेद त्या मानाने जवळजवळ टिकून होता. बालक दिसायला कृश, आतून मेदयुक्त! शिवाय अशा भारतीय नवजातांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण इंग्लंडमधील गौरवर्णीय नवजातांपेक्षा अधिक आढळले. म्हणजे पहिला घास तोंडात जाण्यापूर्वीच या बालकांच्या संप्रेरकांचा हिशेब बिघडू लागला होता.

प्रौढांतही हे दाखविणारे एक बोलके छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वतः डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. तराजू दोघांना सारखेच ठरवतो. देह सारखे नसतात. केवळ डोळ्यांनी व वजनकाट्याने प्रमेहाची शंका घेणाऱ्या आपल्या सर्वांना हे छायाचित्र पुरेसे उत्तर आहे.

ती सहा खेड्यांतील बालके पुढे मोठी झाली आणि संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली तेव्हा सुमारे ३७ टक्के तरुणांत व १८ टक्के तरुणींत उपाशीपोटीची साखर मर्यादेपेक्षा वाढलेली होती, आणि यांपैकी जवळजवळ निम्मी मुले-मुली वजनाने कमीच होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत आणखी एक गोष्ट आहे. ज्यांची साखर अठराव्या वर्षी अधिक, त्यांची ती सहाव्या व बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा अधिक होती. आणि गर्भारपणी त्यांच्या मातांचीही साखर अधिक होती.

येथे चरकसंहितेच्या शारीरस्थानाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. गर्भास अपायकारक भाव सांगताना, नित्य मधुर सेवन करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य प्रमेही होते, असे तेथे म्हटले आहे. हे साम्य पाहून मन हर्षित होते. पण मी येथे थांबण्याची विनंती करतो. प्राचीनांना इन्सुलिन ठाऊक होते, किंवा इन्सुलिन म्हणजे अमुक अग्नी व संप्रेरक म्हणजे अमुक ओज, अशी समीकरणे मांडण्यात आपल्या अधिवेशनांचा पुष्कळ वेळ गेला आहे. आचार्यांनी निरीक्षण केले, ते अचूक होते. कारणाची शृंखला आज प्रयोगशाळेत उलगडते आहे. दोहोंचा मान स्वतंत्र आहे. समीकरण मांडून रुग्णाची साखर उतरत नाही.

कृशाचा प्रमेह वेगळा का

कुपोषणाशी निगडित मधुमेह हा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये मान्य केला होता आणि १९९९ मध्ये पुराव्याअभावी वगळला. त्यानंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील व अमेरिकेतील संशोधकांनी अशा कृश रुग्णांचा सूक्ष्म अभ्यास केला. २०२२ मध्ये त्यांनी दाखविले की या रुग्णांचा मुख्य दोष इन्सुलिनच्या निर्मितीत आहे. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद त्यांच्यात पुष्कळसा शाबूत असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉक येथील परिषदेत या प्रकारास 'टाइप ५' असे नाव देऊन मान्यता दिली. या वर्गीकरणावर आधुनिक वैद्यकातही मतभेद आहेत, आणि प्रत्येक कृश मधुमेही याच प्रकारचा असतो असेही नाही. परंतु आपल्यापुरता व्यावहारिक बोध स्पष्ट आहे. स्थूल रुग्णात इन्सुलिन असते पण त्याची आज्ञा पाळली जात नाही. या कृश रुग्णात आज्ञा देणाराच अशक्त आहे. पहिल्यास उपवास मानवेल. दुसऱ्यास उपवास घडविला तर तो अधिक क्षीण होईल, आणि साखर उतरविणारे औषध त्याच वेळी चालू असेल तर घाम, कंप, मूर्च्छा येऊन प्राणावर बेतेल.

म्हणून माझे पहिले मत असे की, पाय बधिर होणे, जखम न भरणे, वारंवार मूत्रप्रवृत्ती, अकारण वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर रुग्ण कितीही हडकुळा असो, त्याची रक्तशर्करा पाहिल्याविना धातुक्षयाचे निदान करू नये. साखर मोजण्याचे छोटे यंत्र आज खेड्यातील दवाखान्यालाही परवडते. नाडी, जिव्हा, मूत्र यांच्या परीक्षेस त्याने बाध येत नाही.

आपल्या भागासाठी एक सावधगिरी येथे नोंदवतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण व वाहक पुष्कळ आहेत. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी रक्तातील तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात त्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे चाचणी साखर असेल त्यापेक्षा कमी दाखवू शकते. वाहकातही काही पद्धतींनी केलेली चाचणी चुकू शकते. अशा ठिकाणी उपाशीपोटीची १२६ किंवा अधिक, अथवा ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, ही थेट मोजणीच प्रमाण मानावी.

दुसरे मत असे की कृश प्रमेह्यास बृंहण द्यावे, आणि इन्सुलिनची गरज असेल तर ते द्यावयास विनासंकोच पाठवावे. इन्सुलिन हे नष्ट झालेल्या शरीरभावाचे पूरण आहे. आमच्या औषधाने साखर उतरली म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करावयास सांगणे, ही फुशारकी रुग्णाच्या जिवावर येते. माझ्या त्या मजुरास सरकारी रुग्णालयात इन्सुलिन सुरू झाले. मी त्याचा भात बंद केला नाही. प्रमाण ठरवून दिले, सोबत डाळ, अंडे, बोडीतील लहान मासळी वाढविण्यास सांगितले. त्याचे वजन वर्षभरात ४७ वर आले. जखम भरली. श्रेय माझे नाही. उशीर मात्र माझा होता.

खरे रसायन कोणाला

आता वार्धक्याविषयी. मधुमेह नेत्र, वृक्क, धमन्या आणि नाड्या यांना अकाली जरा आणतो. तरुणपणी साखर बिघडलेला मनुष्य पन्नाशीत सत्तरीचा दिसतो. उतारवयात संप्रेरके उणी होतात म्हणून ती बाहेरून भरून काढण्याचा मार्ग पाश्चात्त्यांनी मनःपूर्वक चोखाळला. १९९० मध्ये अमेरिकेच्या रुडमन यांनी साठीपुढच्या १२ पुरुषांना सहा महिने वृद्धिसंप्रेरक दिले. मेद घटला, मांस वाढले, आणि तारुण्य विकणाऱ्यांचा बाजार उभा राहिला. पुढील अभ्यासांत सूज, सांधेदुखी आणि रक्तशर्करेची वाढ असे उपद्रव दिसून आले. रजोनिवृत्त स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा मोठा अमेरिकन अभ्यास २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला, कारण त्यात स्तनकर्करोगादी अपाय लाभाहून अधिक ठरले. निवडक रुग्णांत योग्य लक्षणांसाठी ही चिकित्सा आजही उपयुक्त आहे. पण जरा टाळण्याचा सार्वत्रिक उपाय म्हणून ती टिकली नाही.

सुश्रुतांनी रसायन प्रथम किंवा मध्यम वयात द्यावे असे सांगितले आहे. आपण मात्र च्यवनप्राशाचा डबा आजोबांच्या हाती देतो. पुण्याचा शोध तर वयाची गणना आणखी मागे नेतो : संप्रेरकांचा पाया गर्भात घातला जातो. तेव्हा जरा लांबविणारे रसायन सर्वप्रथम जिला हवे ती गर्भिणी आहे, नव्हे, गर्भधारणेपूर्वीची किशोरी आहे.

पुण्याच्या त्याच खेड्यांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. गर्भिणीने एकूण किती ऊर्जा व प्रथिने घेतली यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे किती वेळा घेतली, याचा बालकाच्या आकाराशी अधिक संबंध होता. आणि गर्भारपणी शेतीची व घरची जड कामे जिला अधिक, तिचे बालक लहान. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत सातव्या महिन्यातील स्त्री दिवसभर चिखलात वाकलेली असते. मासानुमासिक परिचर्येत क्षीर, नवनीत, घृत सांगणाऱ्या आपल्या शास्त्राने गर्भिणीस अतिश्रम वर्ज्यच केले आहेत. पण ही परिचर्या आपण कोणाला सांगतो? शहरातील सुखवस्तू सुनेला, पॅकेज करून. रोवणीवरच्या स्त्रीला आपण लोह देऊन परत पाठवतो.

तिसरा धागा बी-१२ या जीवनसत्त्वाचा. २००८ मध्ये याज्ञिक व सहकाऱ्यांनी दाखविले की ज्या मातांत बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत मंद होता. याचा अर्थ फोलिक ॲसिडची गोळी बंद करावी असा कदापि नाही. ती बालकाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी आवश्यक आहे. अर्थ एवढाच की बी-१२ कडेही लक्ष हवे. ते दूध, अंडी, मासळी, मांस यांत असते. धान्य-भाजीपाल्यात जवळपास नसते. गोंड-हलबा कुटुंबांत दूध पिण्याची चाल फारशी नाही, पण मासळी व अंडे आहे. त्यांना शहरी सात्त्विकतेचा उपदेश करून मासळी सोडावयास लावणारा वैद्य मी पाहिला आहे. मांसाला बृंहणात अग्रस्थान देणाऱ्या चरकांचा तो शिष्य कसा म्हणावा?

औषधविक्रेत्यांस

या अंकाचे वाचक असलेल्या फार्मसीमालक मित्रांशीही दोन शब्द. मधुमेहावर "मुळापासून उपचार" असे छापलेल्या निनावी पुड्या आठवडी बाजारात विकल्या जातात. तथाकथित वनौषधी चूर्णांत साखर उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्यांची भेसळ, आणि सांधेदुखीच्या चूर्णांत डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडची भेसळ, ही अनेकदा उघडकीस आली आहे. स्टेरॉइड हे स्वतःच एक संप्रेरक आहे. ते साखर वाढविते, आणि दीर्घकाळ घेऊन एकाएकी सोडले तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड झोपलेले असल्याने रुग्ण कोसळतो. गुडघ्याची पुडी आणि शुगरची पुडी एकाच दुकानातून नेणाऱ्या कृश वृद्धाच्या देहात काय चालले असेल, याची कल्पना करावी. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व तुकडी क्रमांक नसलेले एकही औषध आपल्या फळीवर असू नये, आणि चार दिवसांत चमत्कार करणाऱ्या चूर्णाकडे सर्वप्रथम आपणच संशयाने पाहावे. एका पुडीने होणारी बदनामी शंभर वैद्यांच्या शुद्ध औषधांवर येते.

काय करता येईल, हे सांगून लेखणी आवरती घेतो. आपल्या प्रत्येक दवाखान्यात कृश प्रमेह्यांची एक स्वतंत्र वही असावी : वय, वजन, उंची, साखर, सिकलसेलची स्थिती, जन्मवजन ठाऊक असल्यास ते, आणि मातेस मधुमेह होता काय. गावातील गर्भिणीची साखर तपासली गेली आहे ना, हे आशाताईंकडे विचारावे. रोवणीच्या हंगामात तिच्या घरी जाऊन सासूला दोन गोष्टी सांगाव्यात. वैद्याचा शब्द खेड्यात अजून ऐकला जातो. अशा शंभर वह्या जमल्या, तर आपल्या अधिवेशनात समीकरणांऐवजी नोंदी वाचल्या जातील, आणि पुण्याच्या खेड्यांत जे सिद्ध झाले ते झाडीपट्टीत कितपत लागू आहे, हे आपणच सांगू शकू.

माझी वही मी सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर तो ४३ किलोचा मजूर आहे. त्याच्या पत्नीला गेल्या खेपेस दिवस गेले, तेव्हा पहिल्याच महिन्यांत तो तिला घेऊन आला आणि म्हणाला, "इचीबी शुगर पाहून द्या जी." ज्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते, ते त्याने स्वतःच शोधले होते.